दहा माणसं जमली तरच खेळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत नाशिकच्या जुन्या टॉकीजवर पानभर मजकूर आला. फोटो सुरेख होते. हेमलता, विजयानंद, मधुकर, चित्रमंदिर, दामोदर, सर्कल ही नावं ओळीने वाचल्यावर आमच्या घरात संध्याकाळभर दुसरा विषय निघाला नाही. तक्रार एवढीच, की सगळा मजकूर तेराव्याच्या जेवणाला बसल्यासारखा लिहिला होता. त्या लेखात जिचा उल्लेखही नाही अशा एका टॉकीजमध्ये मी त्याच आठवड्यात तीनचा खेळ बघून आले. तिचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी निंदा करायची आहे.

बुधवार होता, म्हणजे गंगेवरचा, आपल्या गोदावरीच्या घाटावरचा बाजार. नात माझ्याकडे आली होती, वय बारा. मेथी घेऊन झाली, पाऊस लागला, आणि दोघींत छत्री एक. टॉकीजच्या पोर्चमध्ये शिरलो ते पावसासाठी. खिडकीवर तिकिटाचा दर ऐंशी रुपये लिहिलेला. मी पैसे पुढे केले, तर आतल्या माणसाने घेतले नाहीत. म्हणाला, "थांबा आजी. दहा माणसं जमली तरच खेळ लावतो."

तीनला पाच कमी असताना आम्ही सात होतो. आम्ही दोघी, कॉलेजची दोन मुलं, बाजाराला आलेलं दिंडोरीकडचं एक जोडपं, आणि भिंतीला टेकून बसलेले एक आजोबा, जे बहुधा सिनेमापेक्षा पंख्यासाठी आले असावेत. तीन कमी. मी दोनशे चाळीस रुपये जास्तीचे दिले आणि दहा तिकिटं पुरी केली. मॉलमध्ये पॉपकॉर्नचा एक डबा याहून महाग पडतो, त्यामुळे दानधर्म केल्याचं पुण्य माझ्या नावावर मांडू नका. खिडकीतला माणूस बाहेर आला, त्यानेच दारात तिकिटं फाडली, आणि मशीन लावायलाही तोच वर गेला. जाताना म्हणाला, "तीन खुर्च्या तुमच्या आहेत आजी, पाय पसरून बसा."

मराठी कौटुंबिक सिनेमा होता, बेताचाच. पण मध्यंतराच्या जरा आधी नायिका दार उघडं टाकून आतल्या खोलीत रडायला गेली, आणि माझ्या पुढच्या रांगेतून दिंडोरीच्या बाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं बये, दार लाव आधी!" दहा तिकिटांतली आम्ही सातही माणसं हसलो. आजोबा जागे झाले. आणि खरंच, दोन मिनिटांनी त्याच दारातून नको तो माणूस आत आला. बाई मागे वळून आमच्याकडे बघत होत्या, "सांगत नव्हते मी?" असा चेहरा करून. नात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, मॉलमध्ये असं कोणी बोलत नाही."

मॉलमध्ये कशाला कोणी बोलेल? तिथली खुर्ची आपल्याला एकट्याला गिळून टाकते. इथे खुर्च्या इतक्या जवळ की शेजारच्याच्या पिशवीतली कोथिंबीर आपल्याला कळते. मी पंधरा वर्षांची होईपर्यंत सिनेमा गप्प बसून बघायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. आमच्या वाड्यातल्या बायका पडद्याशी भांडायच्या, खलनायकाला शिव्या द्यायच्या, आणि पौराणिक सिनेमा असला तर चपला बाहेर काढून आत शिरायच्या.

त्या काळात बायकांना तिकिटाची वेगळी खिडकी असे. पुरुषांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली आणि लेडीज खिडकीवर पाच-सात जणी. त्यामुळे वाड्यातल्या सगळ्या पुरुषांची तिकिटं माझी आई काढायची. अनोळखी पोरंही यायची, "काकू, दोन काढता का?" आई आधी त्यांना कुणाचा कोण विचारायची, अभ्यासाचं विचारायची, मग काढायची. एरवी तिच्या हातात घरखर्चाच्या पलीकडचा पैसा नसे. पण शुक्रवारी त्या खिडकीपाशी तिचा शब्द चाले. पिटातल्या, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त जागेच्या, आणि बाल्कनीतल्या तिकिटात दोन-अडीच रुपयांचा फरक असायचा, तेवढ्यात नाशिकरोडच्या नोटा छापायच्या सरकारी प्रेसमधले साहेब आणि त्यांच्या हाताखालचा कामगार एकाच छपराखाली, एकाच गाण्याला बसलेले असत. प्रेसचा पगार झाला की त्या आठवड्यात बाल्कनी आधी भरते, असं डोअरकीपर सांगायचा.

हे सगळं मला इतकं जवळून दिसलं कारण माझा मामा टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवणारा ऑपरेटर होता. केबिनमध्ये मुलींना मज्जाव होता, पण जेवणाचा डबा पोचवायला कोणीतरी लागतंच. दोन अजस्र मशीन, मध्ये चिंचोळी वाट, आणि उन्हाळ्यात आत भट्टी. बल्ब नव्हता. तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये ज्योत पेटवायची. कांड्या जळून आखूड होत जात, तसतसं त्यांच्यातलं अंतर हाताने सांभाळायचं. मामाचं लक्ष चुकलं की पडदा पिवळा पडे आणि खालून शिट्ट्या. एका रिळावर साधारण वीस मिनिटांचा सिनेमा. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका क्षणभर चमकतो, तो दिसला की दुसरं मशीन तयार ठेवायचं. दुसरा ठिपका दिसला की बदलायचं, अशा बेताने की खाली कुणाला कळू नये. मामाने मला तो ठिपका दाखवला आणि माझे पुढचे सगळे सिनेमे बिघडवून ठेवले. नायक मरत असला तरी माझी नजर कोपऱ्यात. सेकंदाला चोवीस चित्रं, फुटात सोळा, म्हणजे तीन तासांच्या सिनेमाला सोळा हजार फुटांवर फिल्म. जवळजवळ पाच किलोमीटर लांबीची पट्टी मामाच्या हातातून दिवसातून चार वेळा जायची. उरलेल्या कांड्यांचे तुकडे तो मला आणून द्यायचा. वरचं तांबं खरवडून आम्ही भंगारवाल्याला विकायचो आणि आतल्या कार्बनने अंगणात लंगडीचे चौकोन आखायचो.

आता रिळं नाहीत, म्हणून तर एकच माणूस खिडकी, दार आणि मशीन तिन्ही सांभाळू शकतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. मामाचे डोळे आणि छाती त्या केबिनने खाल्ली.

आता निंदेकडे येते.

मध्यंतरात नातीला बाथरूमला जायचं होतं. लेडीजचा दरवाजा उघडला तर आत पाणी होतं, दिवाही होता, पण दाराला आतून कडी नव्हती. कडीच्या जागी चार भोकं. नात आत, मी बाहेर दाराला पाठ लावून उभी. ती आली, मग मी आत गेले आणि ती उभी राहिली. तेवढ्यात दिंडोरीच्या बाई आल्या. त्यांच्यासाठी आम्ही दोघी उभ्या राहिलो. सिनेमा सुरू झाल्याचं आम्हाला आवाजावरूनच कळलं. सुटल्यावर मी त्या माणसाला कडीबद्दल विचारलं. तो ओशाळला. म्हणाला, "बायका येतच नाहीत आजी, मालक म्हणतात कशाला खर्च करायचा."

आणि बायका का येत नाहीत? कडी नाही म्हणून.

आपल्या लेखात टॉकीज कशाने गेल्या याची कारणं दिली होती. व्हिडिओ, केबल, मॉल, मोबाइल. सगळी खरी. करोनाचंही खरं, मार्च २०२० मध्ये पडलेलं कुलूप आपल्या राज्यात धडपणे निघालं ते २२ ऑक्टोबर २०२१ ला. पण माझ्या डोळ्यांदेखत जे घडलं ते या यादीत नाही. आधी बायका गेल्या. नव्वदच्या दशकात कधीतरी तिकीटविक्री घसरली आणि बऱ्याच ठिकाणी मॉर्निंग शोला 'तसले' सिनेमे लागायला लागले. नुसता सिनेमा लागला असता तर सकाळचा प्रश्न होता. पण पोस्टर दिवसभर भिंतीवर. ज्या बोळातून आई चार बायकांना घेऊन मिरवत जायची, त्याच बोळातून मी माझ्या मुलीचा हात धरून खाली मान घालून जायला लागले, आणि पुढे वळसा घेऊन जायला लागले. बायका यायच्या थांबल्या की मुलं थांबतात. मग सासू, नणंद, माहेरवाशीण, सगळाच गोतावळा थांबतो. एक बाई म्हणजे सरासरी पाच तिकिटं असायची हो. उरले ते एकटे पुरुष, आणि एकट्या पुरुषांच्या जिवावर आठशे खुर्च्या भरत नाहीत.

मालकांचीही बाजू आहे, ती लिहिली नाही तर अन्याय होईल. २००१ साली सरकारने मल्टिप्लेक्सचं धोरण आणलं. त्यात नव्या मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ, पुढची दोन वर्षं ७५ टक्के माफ. आमच्या टॉकीजना त्यातलं काही नाही. थाळीत वाढणाऱ्यानेच एकाला पुरणपोळी आणि दुसऱ्याला ताक दिलं, तर दुसरा रोडावला म्हणून रडण्यात काय अर्थ? आत्ता कुठे २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. शंभराच्या वर १८ टक्केच. ऐंशीच्या तिकिटामागे हिशेब केला तर पावणेपाच रुपये सुटतात, त्यातही वितरकाचा वाटा. पावणेपाच रुपयांत क्रांती होणार नाही. कडी मात्र होईल.

आणि हे नाशिक आहे, हे विसरू नये. आपण पाहुण्यांना पांडवलेणीच्या पायथ्याशी नेऊन फाळके स्मारक दाखवतो, त्र्यंबकला जाताना "दादासाहेब इथलेच बरं का" म्हणतो. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम पुरुषाने, अण्णा साळुंके यांनी, केलं, कारण एकही बाई तयार होईना. त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. सरस्वतीबाई फाळके तर अंधारात बसून फिल्मला भोकं पाडायच्या आणि वर युनिटचा स्वयंपाकही करायच्या. बायका पडद्यावर पोचल्या त्या कामाशी या गावाचं नाव जोडलेलं, आणि त्याच गावात शंभर वर्षांच्या आत पडद्यासमोरून त्या उठून गेल्या, याचं कुणाला काही वाटू नये?

महापालिकेने महाकवी कालिदास कलामंदिराचं नूतनीकरण केलं, चांगलं केलं. टॉकीज खासगी मालकीच्या आहेत, त्यांच्यासाठी तसा खर्च करा असं मी म्हणणार नाही. पण सिंहस्थ २०२७ साठी गावभर रस्ते उकरून ठेवलेत, स्वच्छतागृहांच्या याद्या होतायत. जुन्या नाशकातल्या चालू टॉकीजची स्वच्छतागृहं एकदा तपासून, ती नीट ठेवणाऱ्याला घरपट्टीत थोडी सूट द्यायला काय हरकत आहे? मालकांना एवढंच सांगणं, की बुधवारी बाजाराला दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडच्या बायका येतात, एसटी पाचनंतरची असते, आणि मधले तीन तास त्या घाटावर ओट्यावर बसून काढतात. दुपारी तीनला एक मराठी सिनेमा, पोस्टर असं की पोरीसोबत उभं राहता येईल, आणि दाराला कडी. एसीचं नंतर बघू. पंखे चालू होते, आजोबांची काही तक्रार नव्हती.

आपल्या वार्ताहरांनाही विनंती, की पुढच्या वेळी बंद टॉकीजच्या कुलपाचा फोटो काढण्यापेक्षा चालू टॉकीजमध्ये मध्यंतरापर्यंत बसावं.

कडी मी परवा दहीपुलाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून घेऊन ठेवली आहे, पासष्ट रुपयांना, चार स्क्रूसकट. तिकीट देणाऱ्याने लावून घेतो म्हणून कबूल केलं आहे. शेजारच्या दोघी यायला तयार झाल्या आहेत, एकीचे गुडघे दुखतात म्हणून तिला जास्तीच्या खुर्च्यांचं आमिष दाखवलं. येत्या बुधवारी तीनच्या खेळाला आम्ही तिघी आहोत. सात कमी पडतात.

आपली,
एक वाचक, जुने नाशिक