ॲपवर ‘उपलब्ध’, जागेवर बंद : बीडजवळच्या चार्जरबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
वाहन चार्जिंग सेवा विभाग

विषय : बीडजवळील आपला जलद चार्जर बंद असूनही ॲपवर ‘उपलब्ध’ दाखवल्याबाबत व वॉलेटमधून कापलेल्या पैशांबाबत

महोदय,

मी लातूरला राहते, तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवते. मे महिन्यात एका शनिवारी आईला घेऊन छत्रपती संभाजीनगरहून परत येताना आपल्या सेवेमुळे आम्हाला जो त्रास झाला, त्याची ही तक्रार. टोल फ्री क्रमांकावर मी ती त्याच रात्री नोंदवली होती. दोन दिवसांनी ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा संदेश पाठवून आपण ती बंद केलीत. निराकरण काहीच झालेले नाही, म्हणून आता लेखी कळवते आहे.

या रस्त्याचा हिशेब आधी मांडते, कारण आपल्या कार्यालयात कुणी तो मांडून पाहिला आहे असे मला वाटत नाही. माझ्या गाडीची बॅटरी ४० युनिटची आहे. उन्हाळ्यात एसी लावून महामार्गाच्या वेगाने गेले तर एका युनिटला सहा किलोमीटर मिळतात. म्हणजे पूर्ण बॅटरीवर २४० किलोमीटर. संभाजीनगर ते लातूर हे अंतर बीड, केज, अंबाजोगाईमार्गे साधारण २७० आहे. मध्ये एकदा गाडी चार्ज करावीच लागते आणि ती बीडलाच करावी लागते. बीड सोडले की मांजरसुंब्याचा घाट चढायचा आणि वर गेल्यावर धुळे-सोलापूर महामार्ग सोडून केजकडे वळायचे. तिथून थेट लातूरपर्यंत आपल्या नकाशावर आपला एकही जलद चार्जर नाही. दुसऱ्या कंपनीचा एक दिसतो, तो गाड्यांच्या शोरूमच्या आत आहे आणि संध्याकाळी शोरूमबरोबरच कुलूपबंद होतो.

म्हणून निघण्यापूर्वी आपले ॲप पाहिले. बीडजवळ महामार्गावरच्या एका हॉटेलच्या आवारात आपला ६० किलोवॅटचा चार्जर, त्याच्या दोन्ही गन (गाडीला लावायच्या केबलची टोके) ‘उपलब्ध’. गेवराईला थांबून पुन्हा पाहिले, तेव्हाही तेच. संध्याकाळी साडेसहाला पोचलो तेव्हा बॅटरी ४५ टक्के होती. दोन गाड्या लागल्या तर ६० चे ३०-३० होतात हे गृहीत धरूनही अर्धा तास पुरला असता.

पहिल्या गनचा पडदा काळा होता. दुसऱ्या गनवर चार्जिंग सुरू झाले आणि लगेच तुटले. पुन्हा लावले, पुन्हा तुटले. वॉलेटमधून मात्र पैसे गेले. टोल फ्री क्रमांकावरच्या मुलीने नम्रपणे सांगितले, “मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये मशीन ऑनलाइन दिसतंय. रीस्टार्ट केलंय, दहा मिनिटं थांबा.” त्या मुलीबद्दल माझी तक्रार नाही. मला माझ्या मोबाइलवर जे दिसत होते तेच तिला तिच्या पडद्यावर दिसत होते. खरी परिस्थिती हॉटेलच्या मालकांनी सांगितली : “ताई, ते मशीन लई दिवसांपासून बंद आहे. रोज कुणी ना कुणी येतं अन् माघारी जातं. आम्ही फोन करून करून थकलो.”

तक्रारीचे मूळ इथे आहे. चार्जर आपल्या सर्व्हरला ठरावीक वेळाने एक संदेश पाठवतो. त्यातून यंत्राचे सिमकार्ड आणि नियंत्रण भाग चालू आहेत एवढेच कळते. गाडीला वीज पुरवणारा आतला पॉवर मोड्यूल जळाला आहे का, गावाकडच्या लाइनचा दाब इतका खाली जातो का की भार येताच यंत्र बंद पडते, गनमधली पिन झिजली आहे का, हे त्या संदेशातून कळेलच असे नाही. पण किती वाजता कुणी चार्जिंग सुरू केले, किती युनिट गेले आणि ते का तुटले, याची प्रत्येक नोंद आपल्याकडे जमा होते. एकाच गनवर लागोपाठ ग्राहकांचे चार्जिंग मिनिटाभरात तुटत असेल, तर ती गन ‘उपलब्ध’ कशी? ही माहिती आपल्याकडे होती. आपण ती ग्राहकाला दाखवली नाही.

पुण्यात असा चार्जर निघाला तर माणूस जवळच्या दुसऱ्याकडे जातो. इकडे दुसरा चार्जर गाठण्याइतकी बॅटरीच उरलेली नसते. चार्जर नाही असे आधी कळले तर मी संभाजीनगरहून उशिरा निघेन, हळू चालवेन, मुक्काम करेन किंवा सरळ एसटीने जाईन. नियोजन करता येते. खोट्या माहितीवर ते करता येत नाही.

आम्ही घरी पोचलो ते त्या हॉटेल मालकांमुळे. त्यांनी स्वयंपाकघरातल्या ग्राइंडरचे १५ अँपिअरचे सॉकेट मोकळे करून दिले. गाडीसोबतच्या छोट्या चार्जरने नऊ युनिट भरायला तीन तासांहून जास्त लागले. आईला मधुमेह आहे, तिच्या जेवणाची आणि औषधाची वेळ टळू नये म्हणून त्यांच्या घरच्यांनी आधी तिच्यापुरत्या भाकरी केल्या. विजेचे पैसे घ्यायला ते तयार नव्हते, मी आग्रहाने दिले. तिथून एसी बंद ठेवून साठच्या वेगाने निघालो आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर लातूर गाठले. आपल्या कंपनीचे काम त्या माणसांनी केले. त्यांच्या आवाराचे भाडे थकले असल्यास तेही आपण चुकते करावे, असे मला आवर्जून सांगायचे आहे.

आपल्या जाहिरातीत घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, परळी आणि तुळजापूर एका रेषेने जोडून ‘निर्धास्त निघा’ असे लिहिले आहे. ती पाहून वयस्कर आईवडिलांना दर्शनाला घेऊन निघणारी माणसे आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गांवर दोन्ही बाजूंना दर २० किलोमीटरला चार्जिंग केंद्र अपेक्षित आहे, राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांसाठी २५ किलोमीटर म्हटले आहे. तेवढे चार्जर उद्याच उभे करा असे मी म्हणत नाही. जे आहेत त्यांच्याबद्दल खरे सांगा.

त्यासाठी प्रत्येक गनसमोर शेवटचे यशस्वी चार्जिंग कधी झाले आणि त्यात किती युनिट गेले, हे ॲपवर दाखवावे. चार्जिंग सतत तुटत असेल तर गन आपोआप ‘बंद’ दिसावी. जिल्ह्यात निदान एक तंत्रज्ञ असावा आणि त्याचा क्रमांक यंत्रावर लिहिलेला असावा. बीडचे यंत्र दुरुस्त करायला माणूस दुसऱ्या शहरातून येणार असेल, तर ते आठवडाभर बंदच राहणार. केज-अंबाजोगाई पट्ट्यात चोवीस तास खुला असलेला एक चार्जर कधी देणार, तेही कळवावे. माझे कापलेले पैसे वॉलेटमध्ये न टाकता बँक खात्यात परत करावेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथेच दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे, याची आपणास कल्पना असेलच.

हे सगळे व्हायला वेळ लागेल, पण एक गोष्ट पत्र वाचता वाचता करता येईल. त्या ठिकाणाची ॲपवरची नोंद ‘बंद’ करा. आज सकाळीही तिथे दोन्ही गन ‘उपलब्ध’ दिसत आहेत.

आपली ग्राहक,
लातूर

सोबत : ॲपच्या पडद्याची छायाचित्रे, वॉलेटमधील व्यवहारांचा उतारा, तक्रार बंद केल्याचा संदेश