चादर आधी, भिंत मग

सोलापूर,
मार्गशीर्ष, रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पुण्यातल्या फ्लॅटचा ताबा मिळाल्याचं वाचून फार आनंद झाला. दहाव्या मजल्यावरच्या त्या रिकाम्या हॉलचे फोटो सकाळपासून चारदा पाहिले. साखर पेठेत तुमच्या दोन खोल्यांच्या घरात आपण अभ्यासाला बसायचो, तेव्हा खाली निळ्या-तांबड्या पट्ट्यांची सतरंजी असायची. तिच्या पट्ट्या मोजत आपण पाढे म्हटलेत. त्या घरातला तू आता विचारतोस, "भिंतीला कुठला रंग देऊ?" आणि वहिनींना करडा-मलई आवडलाय म्हणतोस, म्हणून हे लांबलचक पत्र.

भिंतीला अजून कुठलाच रंग देऊ नकोस. पेंटरला पंधरा दिवस थांबव. आधी अंथरायचं, पांघरायचं, टांगायचं जे काही आहे ते ठरव, आणि भिंतीचा रंग त्यातून काढ.

मी उलटं केलं होतं. चार वर्षांपूर्वी घराची डागडुजी काढली तेव्हा सगळ्यात आधी हॉलला पिस्ता रंग देऊन मोकळा झालो. कार्डावरचा बोटभर चौकोन पाहून ठरवलेला रंग चारी भिंतींवर चढला तेव्हा दुप्पट गडद दिसायला लागला. मग त्या पिस्त्याला शोभेल असा गालिचा, पडदे, दिवाणावरची चादर शोधत आठ महिने फिरलो. आवडायचं ते जुळायचं नाही आणि जुळायचं ते बघवायचं नाही. असेच एकदा शेजारचे अण्णा चहाला आले. गल्लीच्या टोकाला हातमागावर वॉल हँगिंग विणतात ते. तुला आठवत असतील, आपला चेंडू त्यांच्या मागाखाली जायचा. भिंतीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "रंगाच्या दुकानात मशीन पाहिजे ती छटा कालवून देतं की. आमच्याकडे सूत येतं ते रंगाऱ्यानं दिलेल्या मोजक्या रंगांत. ज्यात निवड कमी, ते आधी घ्यायचं. भिंत काय, मागनं पण येते."

इतकी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. तुला सांगायला मी आहे, म्हणून तू तरी ऐक.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मागाजवळ बसवलं. गडद लाल सुताची एक कांडी काळ्या कापडावर ठेवली, त्याच लालाची दुसरी कांडी पिवळ्या कापडावर. काळ्यावरची पेटल्यासारखी उजळ दिसत होती आणि पिवळ्यावरची गडद, जड. मी दोन्ही उचलून शेजारी धरल्या, तर सूत एकच, एकाच लडीतलं. मग त्यांनी करडा धागा लाल पट्टीवरून आडवा ओढला. तो करडा चक्क हिरवट दिसायला लागला! बोट लावून लाल झाकलं की पुन्हा करडा. मी तिथे अर्धा तास हेच करत बसलो होतो.

नंतर वाचलं की हीच गोष्ट पॅरिसमध्ये एका रसायनशास्त्रज्ञानं विणकामामुळेच ओळखली होती. त्याचं नाव शेव्हरल. गोबेलँ या प्रसिद्ध विणकामशाळेत तो रंगाईखात्याचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारचे धागे काळ्याचा जोर खात होते. १८३९ मध्ये त्यानं यावर मोठा ग्रंथ लिहिला. अण्णांनी तो पाहिलेला नाही, पण दिवसभर त्यांची बोटं तेच काम करत असतात.

हे तुला एवढ्यासाठी सांगतोय की वहिनींना आवडलेला करडा-मलई रंग वाईट मुळीच नाही. त्याला फक्त एकटं सोडू नका. करड्याजवळ जे ठेवाल तसा तो दिसेल. त्याच्यासमोर आपलं तांबडं सूत आलं तर भिंत थंड, हिरवट वाटेल. गव्हाळ किंवा हळदी आलं तर तीच भिंत जांभळटाकडे जाईल. म्हणून भिंतीचा नमुना कार्डावर पाहू नका. तीन फूट बाय तीन फुटांचा चौकोन भिंतीवर रंगवा, त्याखाली चादर टाका, आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवा लावून असे तीनदा बघा. दिव्याकडे विशेष लक्ष दे. आपल्याकडे घरोघर पांढरी स्वच्छ ट्यूब लावतात, ती साधारण ६५०० केल्विनची (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर). तिच्याखाली तांबडा आणि केशरी मलूल पडतात. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावलास की तेच रंग जागे होतात. दिवे बदलायला भिंती रंगवण्यापेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो.

आता चादरीचं. तू लिहिलंस, "सोलापूरहून काहीतरी पाठव." दोन चादरी पाठवतोय, जॅकार्डच्या (म्हणजे टोचलेल्या पत्त्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागावरच्या), भौमितिक नक्षीच्या, एक तांबडी-काळी आणि एक निळी-पांढरी. आपण लहानपणी त्या अंगावर घेऊन झोपलो, पण त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नाही. आल्यावर एक कोपरा उलटवून बघ. पुढे काळ्यावर तांबडी नक्षी असेल तर मागे तांबड्यावर काळी. तीच नक्षी, रंगांची अदलाबदल. दोन रंगांचे थर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या कडेला ते एकमेकांत शिरून जागा बदलतात, म्हणून चादर जाड आणि उबदारही होते. माग चालताना बघितलास तर वर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरत असते. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक पत्ता. जिथे भोक तिथला उभा धागा वर उचलला जातो, जिथे भोक नाही तिथला खालीच राहतो. एका नक्षीसाठी शेकडो पत्ते टोचावे लागतात. आता पुष्कळ ठिकाणी हे काम संगणक करतो, पण अशोक चौकाकडून जाताना जुन्या मागाचा खटखटाट ऐकू आला की माझे पाय अजून थबकतात. या चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळूनही बरीच वर्षं झाली. तिला आपण पाहुण्यांच्या गादीवर आणि प्रवासाच्या वळकटीत ठेवलं, दिवाणखान्यात आणलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिला दोन तोंडं आहेत याचा उपयोग कर. दिवाणावर एक महिना पुढची बाजू, एक महिना मागची. पैसा न खर्चता खोली बदलते.

मात्र तिला जमिनीवर गालिचा म्हणून टाकू नकोस. त्या गुळगुळीत फरशीवर ती सरकेल आणि काकू पडतील. जमिनीसाठी जाड सुती सतरंजी घे किंवा गालिचा, आणि खाली रबराची जाळी घाल. माप काढायला मात्र चादरच वापर. मोठी चादर ६० बाय ९० इंच, म्हणजे पाच फूट बाय साडेसात फूट. हॉलमध्ये एक अंथर, सोफा जागेवर ठेव, दाराशी जाऊन बघ. बहुतेक लोक तीन बाय पाचचा गालिचा आणून मधोमध टाकतात आणि तो अंगणात वाळत घातलेल्या रुमालासारखा दिसतो. सोफ्याचे निदान पुढचे पाय गालिच्यावर यायला हवेत आणि भिंतीलगत चारी बाजूंनी वीतभर तरी फरशी उघडी राहायला हवी. तुझ्या फोटोवरून मला वाटतं सहा बाय नऊ लागेल, पण आधी चादर अंथरूनच ठरव.

गालिचा घेशील तेव्हा माझ्यासारखा फसू नकोस. मला एका सेलमध्ये "हातानं गाठी मारलेला" म्हणून एक गालिचा विकला. पैसेही तसेच मोजले. दुसऱ्याच पावसाळ्यात त्याला उग्र वास यायला लागला आणि उचलला की खाली पांढरी भुकटी. मागचं कापड फाडून पाहिलं तर आत वाळून तडकलेला गोंद. ते लोकरीचे धागे कापडात बंदुकीनं टोचून रबरी गोंदानं चिकटवलेले होते, एकही गाठ नव्हती. बायको काही बोलली नाही, पण तिनं साठवलेल्या पैशांतून तो घेतला होता, आणि ते मला आजही लागतं. म्हणून गालिचा आधी उलटा करून बघ. गाठींचा असेल तर नक्षी मागेही तितकीच स्पष्ट दिसते, गाठीगाठीनं. मागे सगळीकडे कापड चिकटवलेलं असेल तर समजून जा. झालर बघ: खऱ्या गालिच्याची झालर म्हणजे त्याच्याच उभ्या धाग्यांची टोकं, वरून शिवलेली पट्टी नव्हे. आणि ओलं पांढरं फडकं कोपऱ्यावर घासून बघ, रंग उतरला तर पुढच्या दुकानात जा. भदोही-मिर्झापूरचे गालिचे चांगले असतात, पण खिशाला झेपत नसेल तर गालिच्याचा हट्ट धरू नकोस. वरंगळची सुती दरी (जाड सतरंजीच ती) घे, नाहीतर नवलगुंदची. नवलगुंद तर आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं, धारवाड जिल्ह्यातलं, आणि तिथे दऱ्या बायका विणतात. वरंगळचं नाव घेतलं की अण्णांचा चेहरा खुलतो. त्यांचे आजोबा तेलंगणातून आलेले, सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी पद्मशाली विणकर घरांसारखे.

नक्षीबद्दल एकच सांगतो. जमिनीवर मोठी नक्षी असेल तर दिवाणावर मध्यम घे, उशांवर बारीक. तिन्ही मोठ्या घेतल्यास तर त्या एकमेकींवर ओरडतात. आणि डोळ्याला टेकायला मोकळी जागा ठेव. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला आपण बघायचो ना, सगळीकडे पांढऱ्या बाराबंदीतली (बंदांच्या अंगरख्यातली) माणसं, आणि त्या पांढऱ्यावर फुलांचे हार घातलेले सात नंदीध्वज. तो झेंडू तितका केशरी मी दुसरीकडे कुठेच पाहिला नाही. वहिनींची मलई भिंत तुमच्या हॉलची बाराबंदी होऊ दे. माझा आक्षेप भिंतीवर नव्हताच, तिच्यावर काहीच नसण्यावर होता.

त्या भिंतीसाठी अण्णांच्या मागावर एक वॉल हँगिंग लावायचा विचार आहे. हे काम फार सावकाश चालतं. उभ्या धाग्यांखाली चित्राचा कागद असतो, आणि जिथे जो रंग हवा तिथे तेवढाच आडवा धागा बोटांनी फिरवून मागे आणायचा. आडवा धागा नेणारा धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावतच नाही. मोराच्या मानेचा बोटभर भाग विणताना मी त्यांना तीन निळे बदलताना पाहिलंय. दिवसाअखेरी वीतभर विणून झालं तरी ते खूश असतात. त्यांच्या मुलानं माग घेतला नाही, तो तुमच्याच पुण्यात नोकरीला आहे. तेव्हा हे घे असं मी आग्रहानं म्हणतो आणि भाव करू नकोस असंही म्हणतो.

उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं. इथे चैत्र लागला की आम्ही गालिचा गुंडाळतो, कडुनिंबाचा पाला वाळवून आत घालतो, आणि दिवाळीपर्यंत शहाबादी फरशी उघडी. घडी घालू नको, गुंडाळच. घडीवर धागे तुटतात. पुण्यात एवढं ऊन नाही, पण पश्चिमेची खिडकी असेल तर सहा महिन्यांनी गालिचा फिरवून टाक, म्हणजे एकाच बाजूचा रंग उडणार नाही.

काकूंची ती निळी-तांबडी सतरंजी अजून आहे का? फाटलेली असली तरी टाकू नको. तिच्या धडक्या भागाच्या दोन उशा होतील, आणि मला वाटतं भिंतीचा रंग शोधायला तिच्यापासूनच सुरुवात करावी. त्यातला निळा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो, पण तो नीट सांगता येत नाही. तिचा एक धागा लिफाफ्यात घालून पाठव. हॉलचं माप आणि खिडकी कुठल्या दिशेला आहे तेही कळव. गड्ड्याला येणार असशील तर धागा खिशातच आण. अण्णांनी तांबड्याच्या दोन कांड्या तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवल्यात, निळा तू आणल्यावर ठरवू म्हणाले.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जोडबसवण्णा चौकातला मित्र