चित्रकलेच्या तासाला पाठीमागे हजारो वर्षे आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नातवाच्या शाळेतील पालकसभेत नुकतेच असे ठरले की, आठवीचा चित्रकलेचा तास यापुढे गणिताला द्यावा. 'आधी पोट, मग कला' असे एक पालक म्हणाले आणि सभेने माना डोलावल्या. ज्या गावाला आपण अभिमानाने कलापूर म्हणतो तेथे हे ऐकावे लागले, याचे मला, एका निवृत्त कलाशिक्षकाला, फार वाईट वाटले.

उपलब्ध पुरावा या समजुतीच्या उलट आहे. शेतीला फार तर १२ हजार वर्षे झाली असतील. पण दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बोस गुहेत गेरूच्या तुकड्यावर कोरलेली जाळीदार नक्षी सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे आणि इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरचे रानडुकराचे चित्र किमान ५१,२०० वर्षांपूर्वीचे. तेव्हा कोणाच्याही घरी धान्याची कणगी नव्हती.

कलेची ही ओढ उत्क्रांतीत का टिकली, यावर मतभेद आहेत. डार्विनने १८७१ मध्ये संगीताचा संबंध मोराच्या पिसाऱ्याप्रमाणे जोडीदाराच्या निवडीशी लावला; काही अभ्यासक कलेला इतर कामांसाठी घडलेल्या मेंदूचे केवळ उपफळ मानतात. मला कलेच्या उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्या एलेन डिसानायके यांचे म्हणणे अधिक पटते. साध्या वस्तूला किंवा कृतीला मुद्दाम विशेष रूप देणे ही माणसाची मूळ प्रवृत्ती असून, दीर्घकाळ परावलंबी असणाऱ्या तान्ह्याशी आई ज्या लयीत, हेल काढून, तेच तेच शब्द पुन्हा घोळवत बोलते, त्या बोलण्यात डिसानायके कलेचे मूळ पाहतात. कारण त्या लयीतून जडणाऱ्या जिव्हाळ्यावरच मुलाचे जगणे अवलंबून असते. पुढे समूहाला धरून ठेवणाऱ्या विधींनी हीच लय उचलली. आपल्याकडे बेंदराला बैलाची शिंगे रंगवली म्हणून नांगर खोल जात नाही आणि पायतानावरच्या वेणीने चाल वाढत नाही, तरीही शेतकरी आणि कारागीर हे कष्ट पिढ्यान्‌पिढ्या घेत आले आहेत.

शाळेने हा तास परत द्यावा, आणि जमल्यास मुलांना एकदा रत्नागिरीकडची कातळशिल्पे दाखवून आणावीत. जांभ्याच्या सड्यावर कोणीतरी हत्ती, मासे आणि आज कोकणात कोठेही न आढळणारा गेंडा कोरून ठेवला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षक, कोल्हापूर