30 इंच लिहून 34 इंची बेस पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

दिनांक : 22 जुलै

विषय : जाहिरातीत दिलेल्या मापाचा बेस गिटार न मिळाल्याबद्दल, आणि तो परत घ्यायला दिलेल्या नकाराबद्दल

महोदय,

28 जूनला मी तुमच्या संकेतस्थळावरून चार तारांचा इलेक्ट्रिक बेस मागवला. किंमत 13,499 रुपये. त्याच ऑर्डरमध्ये शॉर्ट स्केलच्या, म्हणजे 30 इंची बेसच्या, तारांचा एक जादा संच, 1,150 रुपये. पानावर लिहिलं होतं : स्केल (तारेची वाजणारी लांबी) 30 इंच, वजन 3.2 किलो. 3 जुलैला भर पावसात खोकं आलं. आत 34 इंची बेस निघाला. वजन 4.1 किलो.

पत्र खरं तर इथेच संपायला हवं होतं. चूक तुमची, माल परत न्या, पैसे द्या. पण गेल्या एकोणीस दिवसांत तुमच्या चार वेगवेगळ्या माणसांनी मला पटवायचा प्रयत्न केलाय की चूक झालेलीच नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी वसईला राहते, एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे आणि आमच्या चर्चच्या गायनवृंदात बेस वाजवते. आधी साधी गिटार वाजवायचे. आमचा बेसवाला मुलगा नोकरीला कॅनडात गेला. जाताना जॅझ बेस या 34 इंची मॉडेलच्या धर्तीचा आपला जुना बेस माझ्याकडे ठेवून गेला आणि म्हणाला, "आंटी, आता तुम्हीच सांभाळा." आठ महिने सांभाळला. तेवढ्यात दोन गोष्टी कळल्या : बेस मला मनापासून आवडतो, आणि 34 इंची बेस माझ्या हाताला झेपत नाही. फ्रेट म्हणजे नेकवरच्या, बेसच्या लांब दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत 34 इंचीवर जवळजवळ 13 सेंटिमीटर अंतर असतं, 30 इंचीवर साडेअकराच्या आत. दीड सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही. पण माझी करंगळी त्या दीड सेंटिमीटरमागे रोज धावायची, आणि रविवारच्या दोन मिस्सा (चर्चमधल्या उपासना) झाल्या की सोमवारी शाळेत डाव्या हाताने हजेरीपटाचा गठ्ठा उचलवत नसे.

म्हणून स्वतःचा घ्यायचा ठरवला तेव्हा पाच महिने शोधलं. चौदा हजारांच्या वर जायचं नव्हतं. तुमच्या ग्राहक प्रतिनिधीने मला "बिगिनर" म्हटलं, तर मी काय काय बघून हा बेस निवडला ते त्यालाही कळू दे. बॅटरीवाला ॲक्टिव्ह नको होता. वाजवून झाल्यावर केबल बेसमध्ये तशीच राहिली की 9 व्होल्टची बॅटरी उतरत राहते, आणि आमच्याकडे केबल काढायची आठवण कुणालाच राहत नाही. पाच तारांचा नको, आम्हाला चार पुरतात. पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग, दोन भागांत विभागलेला, प्रिसिजन बेस या मॉडेलच्या पद्धतीचा हवा होता, कारण चर्चचं वायरिंग जुनं आहे. त्या मुलाच्या बेसवर दोन्ही पिकअप सारखे उघडे असले की ठीक, एकाचा आवाज जरा खाली घेतला की ट्यूबलाइटसारखी घूं सुरू. विभागलेल्या पिकअपची दोन वेटोळी ती घूं आपसातच मारून टाकतात. आणि सगळ्यात आधी, 30 इंच. बाकी तीन गोष्टींत मी तडजोड केली असती. या एकीत नाही, कारण नवा बेस घ्यायचं कारणच ती होती.

आता मोजमाप कसं केलं ते. तुमच्या दुसऱ्या प्रतिनिधीने लिहिलं की "30 इंच ही नेकची लांबी असू शकते" आणि "ग्राहकांकडून मोजताना चूक होऊ शकते". मी शिवणकामाची टेप घेतली. नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या, आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजलं. बारावी फ्रेट बरोबर मध्यावर असते, त्यामुळे जे येईल त्याची दुप्पट म्हणजे स्केल. 30 इंची बेसवर तिथे 38.1 सेंटिमीटर यायला हवेत. आले 43 आणि वर दोन रेघा. दुप्पट केलं की 34 इंच. तरीही शंका नको म्हणून दोन्ही बेस पलंगावर शेजारी शेजारी ठेवले, कॅनडावाल्याचा आणि तुमचा. नटला नट लावला तर खाली, तारा जिथे संपतात तिथे, ब्रिजला ब्रिज लागला. मधल्या वीसच्या वीस फ्रेट एकमेकींच्या रेषेत, जुळ्या बहिणी पाठीला पाठ लावून उंची मोजताना उभ्या राहतात तशा. फोटो सोबत जोडला आहे. वजनासाठी बाथरूममधल्या काट्यावर आधी एकटी उभी राहिले, मग बेस घेऊन. माझं वजन तुम्हाला सांगत नाही. फरक 4.1 किलो.

तुमच्याच दुकानातून घेतलेल्या तारांनीही माझ्या बाजूने साक्ष दिली. सगळ्यात जाड तार लावून बघितली, तर तिचा जाड वेटोळ्यांचा भाग नटपर्यंत पोचायच्या आतच संपतो आणि पुढचं बारीक शेपूट नटमध्ये येतं. 30 इंचीची तार 34 इंचीला कशी पुरणार? यावर तुमचं उत्तर आलं, पाकीट उघडल्यामुळे तारा परत घेता येणार नाहीत. पाकीट न उघडता तार लावून कशी बघायची ते कळवावं.

तिसऱ्या प्रतिनिधीचा सल्ला वेगळाच. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, तारांचा सूर दोन अर्धस्वर खाली उतरवा, म्हणजे "शॉर्ट स्केलसारखा अनुभव" मिळेल. हा मुलगा बहुधा स्वतः वाजवत असावा, कारण हिशेब त्याचा बरोबर आहे. 34 इंचांतून दोन फ्रेट गेल्या की 30.3 उरतात. पण त्यामुळे नेकवरचे ठिपके दोन घरं सरकतात. तिसऱ्या फ्रेटचा ठिपका बघून बोट ठेवावं तर ती आता पहिली. खुंट्या होत्या तिथेच राहतात, वजन तेवढंच राहतं. आणि मुळात, चप्पल दोन नंबर मोठी आली तर दुकानदाराने पुढे कापूस कोंबायला सांगायचं का? नवी चप्पल आहे हो.

चौथ्या उत्तराचा मात्र राग आला. ते जसंच्या तसं देते : "या किमतीतले सर्व बेस नवशिक्यांसाठी असतात, त्यामुळे साइजने विशेष फरक पडत नाही." म्हणजे साडेतेरा हजार देणाऱ्याला स्वतःचा हात नसतो? अमेरिकन वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला तो 34 इंची, आणि पुढे बहुतेकांनी तेच माप धरलं, हे मान्य. पण 30 इंची बेस म्हणजे लहान मुलांचं खेळणं नव्हे. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला होफनर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस घेतला, तो 30 इंचीच. घेतला का, तर फेंडर परवडत नव्हता आणि हा सुमारे 30 पौंडांत मिळत होता. शिवाय ते डावखुरे, आणि दोन्ही बाजूंनी सारखा असलेला तो बेस उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता. खिसा बघून आणि स्वतःचं अंग बघूनच निवडला ना त्यांनीही?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. या बेसची बाकी काही तक्रार नाही. पिकअप तुम्ही म्हटलात तसाच आहे, घूं येत नाही. तारा बाराव्या फ्रेटवर बऱ्याच वर होत्या, पण या किमतीत सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं) स्वतःच करावा लागतो हे मला माहीत होतं. आमच्याकडे पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, नेक थोडी वाकतेच, ट्रस रॉड (नेक सरळ करणारी आतली सळी) पाव फेरा फिरवून बघणार होते. फिरवला नाही, कारण वाद्य परत करायचं आहे. वाद्याला हात लावल्याचं निमित्त तुम्हाला द्यायचं नव्हतं. ज्याचा हात मोठा आहे त्याला हा बेस खुशाल विका, फक्त खरं माप लिहून.

आता तारखा, कारण कागद जपणं हा माझा रोजचा धंदा आहे. बेस आला 3 जुलैला. पहिली तक्रार केली 5 जुलैला, म्हणजे तुमच्या सात दिवसांच्या मुदतीत. पहिलं उत्तर 9 तारखेला, तेही फक्त "फोटो पाठवा". त्याच दिवशी पाठवले. कॅपोचा सल्ला 14 तारखेला. 16 तारखेला कळवलंत की परतीची मुदत संपली आहे, सदिच्छा म्हणून पुढच्या खरेदीवर 10 टक्के सूट घ्या. मुदत मी संपवली की तुम्ही?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. जाहिरातीत सांगितलेल्या वैशिष्ट्यांचा माल नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. तुमची सात दिवसांची अट या नियमापेक्षा मोठी नाही.

मला हवं आहे ते एवढंच. एक, बेस आणि तारा तुमच्या खर्चाने घेऊन जा आणि 14,649 रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करा. सवलतीचं कूपन नको. खरोखरचा 30 इंची बेस त्याच किमतीत असेल तर तोही चालेल, पण पाठवण्याआधी नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत टेप लावून फोटो पाठवा. 38 सेंटिमीटर दिसले तरच होकार देईन. दोन, तुमच्या पानावर आज सकाळीही 30 इंचच लिहिलेलं आहे. ते दुरुस्त करा. माझ्यासारखंच माप बघून घेणारी आणखी कुणी असेल.

5 ऑगस्टपर्यंत हे झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही, तेव्हा मला फक्त एक रजा पडेल. आमच्याकडे 8 सप्टेंबरला मारियामातेचा जन्मदिन आहे, नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) 30 ऑगस्टलाच सुरू होते. तोवर हातात वाजवता येईल असा बेस हवा आहे, नाहीतर पुन्हा कॅनडावाल्याचाच घेऊन बसावं लागेल.

कुरियरचा माणूस चारनंतर पाठवा, त्याआधी मी शाळेत असते. खोकं मी जपून ठेवलंय, पण येतानाच एक कोपरा भिजलेला होता. वरून गुंडाळायला प्लास्टिक घेऊन यायला सांगा. इथे पाऊस थांबलेला नाही.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर आहे)

सोबत : बिल, 28 जून आणि 22 जुलैला घेतलेले पानाचे स्क्रीनशॉट, मोजमापाचे पाच फोटो, चारही प्रतिनिधींची उत्तरं