मोडी वाचणारा माणूस तहसील ऑफिसात बसवा : मराठी भाषा मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र शासन

साहेब, नमस्कार.

मी नवी मुंबईतल्या घणसोलीचा. तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या पट्ट्यातल्या जुन्या गावठाणांत अजून कित्येक घरांत पत्र्याच्या ट्रंकेत आजे-पणज्यांचे कागद आहेत, गहाणखतं, खरेदीखतं, शेतसाऱ्याच्या पावत्या, आणि त्यातले बरेच मोडी या जुन्या मराठी लिपीत. 1970 ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी आली, जमिनी गेल्या, पुढे त्या बदल्यात मिळणारे साडेबारा टक्क्यांचे प्लॉट, वारस नोंदी, भावकीतल्या वाटण्या, दरवेळी हे कागद बाहेर निघतात आणि दरवेळी अडतं ते वाचणार कोण यावरच. आमचं एक खत घेऊन मी एका सरकारी ऑफिसात गेलो तर म्हणाले लिप्यंतर करून, म्हणजे देवनागरीत उतरवून आणा, कुठून ते कोणी सांगेना, ओळखीतून एक जाणकार शोधून करून आणलं तर म्हणे यावर शिक्का नाही, चालणार नाही.

मोडी नुसती बाराखडी पाठ केली की येत नाही हो. आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचं, शब्द तोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, वर प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. पेशवाईतला कागद असेल तर सालसुद्धा अरबी शब्दांत, 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन या तेव्हाच्या कालगणनेतलं 1173, त्यात 599 मिळवले की इ.स. 1772 च्या आसपास येतं. हे नजरेत बसायला वर्षं जातात आणि ज्यांच्या नजरेत बसलंय ती माणसं आता म्हातारी होत चालली आहेत.

2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर नेमलेल्या न्या. शिंदे समितीसाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा काय झालं ते तुम्ही जवळून पाहिलंय. गाव नमुना 14, कोतवाल बुकं अशी जन्म-मृत्यूच्या नोंदींची जुनी दफ्तरं बाहेर काढली आणि मोडी वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध सुरू झाली. शिवकाळापासून इंग्रजी अमलापर्यंत आपला कारभार ज्या लिपीत चालला ती अक्षरं जोडून लिहिण्याच्या वळणामुळे छापायला अवघड म्हणून मागे पडली, 1950 च्या दशकात शाळांतून गेली. पण कागद गेले नाहीत ना, ते दफ्तरात तसेच आहेत आणि त्यावर आजही लोकांचे हक्क ठरतायत.

वाचणारी माणसं संपली की काय होतं हे आपल्याच भागात दिसतं. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख, सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख, कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दानं दिल्याचे कान्हेरीतले लेख, सगळे ब्राह्मीत, आणि आपली आजची देवनागरी त्या ब्राह्मीचीच वंशज. तरी मधली कित्येक शतकं ते कोणालाच वाचता येत नव्हते. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने सांचीच्या दगडांवरच्या छोट्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच अक्षरं परत परत येतायत हे हेरलं, तिथे 'दानं' असणार असं धरलं आणि तिथून बाकीची अक्षरं सुटत गेली. दगड होते म्हणून टिकून राहिले. आमच्या ट्रंकेतल्या कागदाला वाळवी लागते, खाडीजवळची दमट हवा लागते, तो इतकी वर्षं थांबणार नाही.

मोडीला 2014 पासून युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, जागा आहे, फाँट आहेत, पुराभिलेख संचालनालय शिकवतं, परीक्षाही घेतं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्हालाही मनापासून आनंद झाला. पण परीक्षा पास झालेल्या पोरापोरींना पुढे काम काय? मोडीच्या सुलेखनाच्या स्पर्धा, प्रदर्शनं जरूर भरवा, पण लिपी टिकते ती रोजच्या कामात, पगार देऊन.

म्हणून महसूलमंत्र्यांशी बोलून एवढंच करा. प्रत्येक तहसील कार्यालयात एक प्रशिक्षित मोडी वाचक नेमा, कायम पदावर, फी ठरवून द्या आणि त्याने सही-शिक्क्यानिशी दिलेलं लिप्यंतर सगळ्या सरकारी ऑफिसांत चालेल असा जीआर काढा. मूळ कागद ठेवून घेऊ नका, तिथेच स्कॅन करून परत द्या, नाहीतर लोक आणणारच नाहीत, आमच्याकडे जमिनीच्या कागदावर कोणी कोणाचा भरवसा धरत नाही. सुरुवात ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांपासून करा, सिडकोच्या जमिनी इथल्याच आहेत.

आपला,
घणसोली गावठाणातला एक रहिवासी