अँप नंतर घे, आधी डबल बेस नीट करून घे

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला आणि फार बरं वाटलं. हॉटेलातलं जॅझ, पार्ल्याचा भावगीतांचा कार्यक्रम आणि डिसेंबरातली लग्नं, एकाच हंगामात तुझ्या डबल बेसला, व्हायोलिनच्या त्या माणसाहून उंच थोरल्या भावाला, तिन्ही कामं आली. खाली तू विचारलं आहेस, "बाबा, अँप कुठला घेऊ?" आवाज मोठा करणारी ती स्पीकरची पेटी आत्ता कुठलीच घेऊ नकोस. का, ते फोनवर सांगायला गेलो की तू रिक्षात असतेस आणि निम्मं बोलणं हॉर्नमध्ये जातं, म्हणून सावकाश लिहितो आहे. मी आयुष्यभर मिक्सरमागे बसून इतरांची वाद्यं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवली. त्या खुर्चीतून ऐकलेलंच तुला सांगतो.

जमवलेले पैसे आधी वाद्याच्या सेटअपवर, म्हणजे तारा आणि ब्रिज नीट बसवून घेण्यावर घाल, मग तारांचं कंपन विजेत पकडणारा पिकअप आणि तो सिग्नल पुढे नीट पोचवणारा प्रीअँप यांवर, आणि उरले तर अँपवर. हॉटेलात, नाट्यगृहात, लॉनवर साउंड सिस्टीम असतेच. अँप फार तर भाड्याने मिळेल. पण तारा उंच असल्या, त्यांना उचलून धरणारा लाकडी ब्रिज वाकला असला, तर तो आवाज कुठलीही सिस्टीम सुधारून देत नाही, उलट मोठा करून दाखवते.

तुझ्या बेसच्या तारा वरच्या सुरांना फिंगरबोर्डपासून, म्हणजे बोटं जिच्यावर दाबतात त्या पट्टीपासून, फार उंच आहेत. तार दाबायला जड, म्हणून डावा अंगठा मागून जोर लावतो. डाव्या हातावर ताण आला की उजवा हातही ओढूनताणून वाजवू लागतो, सूर तुटक निघतो, आणि मग वाटतं की अँप मोठा हवा. तारा उंच ठेवल्या की आवाज भरतो, असं जुने वादक सांगत. आतड्याच्या तारा आणि बिनमाइकचे हॉल होते तेव्हा त्यात तथ्य होतं. तुझ्या बेसला स्टीलच्या तारा आहेत आणि पिकअप लागणार आहे, तेव्हा तो हट्ट सोड. फिंगरबोर्ड रंधून घे, मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या नटच्या खाचा तपासून घे, आणि ब्रिजच्या दोन्ही पायांत उंची कमी-जास्त करणारी चाकं बसवून घे. मुंबईत ही चाकं नसतील तर निभाव लागणं कठीण. जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, लाकूड फुगतं, वरची फळी उचलली जाते आणि तारा आपोआप उंच होतात. तोच बेस एसी हॉलमध्ये किंवा जानेवारीच्या कोरड्या हवेत बसतो आणि तारा खडखडायला लागतात. चाकं असली की तारा थोड्या सैल करून अर्ध्या फेऱ्यात काम होतं. लाकडाला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. घरात एक आर्द्रतामापक टांग, आणि हॉटेलच्या एसीतून बाहेर पडताना बेस थोडा वेळ बॅगेतच राहू दे.

कारागीर मात्र व्हायोलिन, चेलो, बेस उघडून बघितलेलाच हवा. गिटारच्या दुकानात हे काम देऊ नकोस.

दर आठवड्याला दोन गोष्टी तू स्वतः बघायच्या. पहिली म्हणजे ब्रिज. तारा सुरात आणताना दर वेळी त्या ब्रिजचा माथा थोडा थोडा फिंगरबोर्डकडे ओढतात. बाजूने डोळा लावून बघ. ब्रिजची शेपटीच्या बाजूची कड वरच्या फळीशी काटकोनात दिसली पाहिजे आणि दोन्ही पाय फळीला पूर्ण टेकलेले हवेत. झुकलेला दिसला तर दोन्ही हातांनी माथा धरून हळूहळू मागे घे. तारांच्या खाचांत पेन्सिलीचं शिसं घासलं की तार सरकते आणि ब्रिजला ओढत नाही. दुसरी, कडा. बोटाच्या पेराने बेसच्या कडेकडेने टकटक करत फिर. बहुतेक ठिकाणी भरीव आवाज येईल. जिथे तो पोकळ, खुळखुळा वाटेल तिथे सांधा सुटला आहे. घाबरू नकोस. सांध्यातला सरस मुद्दामच असा लावतात, की ताण आला तर सांधा सुटावा आणि फळी चिरू नये. पण तसाच वाजवत राहिलीस तर कुठली तरी खालची तार बझ मारायला लागते आणि साउंडवाला तासभर केबली बदलत बसतो.

तारा बदलताना एका वेळी एकच काढ. आत ब्रिजच्या जी-तारेकडच्या पायामागे जो साउंडपोस्ट, म्हणजे छोटा लाकडी दांडा, उभा असतो तो सरसाने चिकटवलेला नसतो, नुसत्या दाबावर टिकून असतो. सगळ्या तारा एकदम सोडल्या की तो आडवा होतो. जॅझसाठी बोटांनीच वाजवणार असशील तर स्पायरोकोर नावाच्या तारा घे. महाग आहेत, पण वर्षानुवर्षं टिकतात. त्या गजाला मात्र जरा नाठाळ असतात, तेव्हा गज जास्त लागणार असेल तर हेलिकोरसारख्या तारा बऱ्या. बेसच्या गजाला लावायचं रोझिन, म्हणजे राळ, मऊ असतं, ते उन्हात ठेवू नकोस, वितळून डबीतच पसरतं.

आता पिकअप. ब्रिजला लावायचे पिकअप पीझो जातीचे, म्हणजे दाबावरून वीज काढणारे असतात. त्यांना पुढे मोठा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या यंत्राचा विजेला होणारा विरोध, लागतो. निदान १ मेगाओहम, १० असला तर उत्तम. मिक्सरच्या लाइन इनपुटला तो साधारण १० किलोओहम असतो. तिथे पीझो थेट लावला की खालचे सूर गळून जातात आणि उरते ती नुसती कर्कश टकटक. मग लोक म्हणतात, डबल बेसचा आवाज असाच पातळ येतो. तसा तो मुळीच नसतो, मध्ये प्रीअँप नसतो इतकंच. म्हणून प्रीअँप स्वतःचा ठेव, शक्यतो डीआय आउट (मिक्सरला थेट जोडायची सोय) असलेला, म्हणजे मिक्सरला सरळ एक्सएलआर केबल जाईल. त्यात तीन गोष्टी बघून घे: अगदी खालचे आवाज कापणारा लो-कट, फेज म्हणजे लहरीची दिशा उलटवायचं बटण आणि घुमणारा एकच सूर कापणारा एखादा नॉच फिल्टर. बऱ्याच प्रीअँपना बॅटरी लागते आणि केबल खोचलेली राहिली की ती संपत जाते. वाजवून झालं की केबल काढ आणि खिशात एक नवी ९ व्होल्टची ठेव.

या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं मला हे वाटतं. बेस ऐकू येत नाही म्हणून बेसचं बटण कधी वाढवू नकोस. तुझ्या ई-तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. लग्नातल्या छोट्या स्पीकरांना तो धड काढताच येत नाही. श्रोत्याचा कान तो सूर त्याच्या वरच्या पटींवरून, ८२ आणि १२३ हर्ट्झवरून ओळखतो, आणि बोट तारेवर कुठे पडलं हे त्याला त्याहून वरच्या, ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजावरून कळतं. तेव्हा ४० च्या खालचं लो-कटने काढून टाक, मध्य थोडा वर घे. साउंडवाल्याला "दादा, खालचं कमी करा आणि मध्ये थोडं द्या," एवढं सांगितलंस तरी त्याला कळेल की ही मुलगी आपल्या वाद्याला ओळखते. आणि सगळीकडे त्यांना नमस्कार करून, नाव विचारून कामाला लाग. बेस ऐकू येणार की नाही हे त्यांच्याच हातात असतं.

अँप वापरावा लागलाच तर तो पाठीमागे ठेवू नकोस. बेस म्हणजे मोठी पोकळ पेटी. मागून आवाज आदळला की वरची फळी तोच आवाज परत पिकअपमध्ये घालते आणि घूं करून फीडबॅक सुरू होतो. अँप बाजूला, खुर्चीवर, थोडा तिरका ठेव. तरीही घुमला तर आधी फेज उलटवून बघ, मग नॉच. फ्लोअर मॉनिटरमध्ये बेस मागू नकोस. ड्रमरच्या हाय-हॅटच्या बाजूला उभी राहा, तालाचा धागा हातात राहतो. कानात पंधराएक डेसिबल कमी करणारे संगीतकारांचे प्लग घाल. कान जपण्याच्या बाबतीत मी तुझं काही ऐकून घेणार नाही.

लॉनवर जनरेटर असतो, तिथे घुंग्ग आवाज येईल. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई-तारेवरचा जी ४९ चा. तो सूर लांब धरलास तर घुंग्ग आणि तुझा सूर सेकंदाला एकदा एकमेकांवर डोलताना ऐकू येतील. असा घुंग्ग घालवायला काही जण प्लगची अर्थची पिन काढतात किंवा मोडतात. तू हे कधीही करू द्यायचं नाहीस. ओल्या गवतावर उभं राहून स्टीलच्या तारांना हात लावायचा असतो. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त सिग्नलच्या केबलची अर्थ सोडवतं, ते दाब. तेवढ्याने गेला नाही तर घुंग्ग सहन कर, पण प्लगची अर्थ तोडू देऊ नकोस.

पार्ल्याच्या कार्यक्रमाची तयारी हॉटेलपेक्षा वेगळी आहे. जॅझमध्ये तू एफ, बी-फ्लॅटमध्ये रमतेस. इथे गायक म्हणतील "काळी एक", म्हणजे सी-शार्पचा सा, आणि काळी एकच्या शुद्ध स्वरांत तुझी एकही मोकळी तार बसत नाही. ई नाही, ए नाही, डी नाही, जी नाही. दोन-अडीच तास सगळे सूर दाबून वाजवायचे म्हणजे डावा हात भरून येणारच. आत्तापासून रोज अर्धा तास काळी एकमध्ये स्केल वाजव, तेही तानपुरा लावून. तानपुऱ्याचा पंचम शुद्ध ३:२ चा असतो, कीबोर्डचा पंचम त्याहून किंचित उतरलेला. फरक अगदी बारीक आहे, पण बेसला पडदे नसल्यामुळे कुणाबरोबर राहायचं हे तुलाच ठरवावं लागतं. हार्मोनियम वाजत असेल तर तिच्याबरोबर राहा, नुसता तानपुरा आणि गळा असेल तर तानपुऱ्याबरोबर. गायिका काळी चार किंवा काळी पाच सांगतील, तिथे तुला मोकळ्या तारा मिळतात, काळी चारमध्ये फक्त जी, काळी पाचमध्ये ए, डी आणि जी.

आणि डग्ग्याला जागा दे. डग्ग्याची घिस्सट, म्हणजे तळवा घासून काढलेली घुमक, आणि तुझे खालचे सूर एकाच मजल्यावर राहतात. तबलजी समेवर डग्गा घुमवत असतील तिथे तू लांब सूर धरून ठेवलास तर दोघांचाही चिखल होतो. अंतऱ्यात सूर आखूड कर, दोन ओळींच्या मधल्या जागेत गज लावून भर. भावगीतात गजाचा लांब सूर किती सुंदर लागतो हे आजच्या श्रोत्यांना विसरायला झालं आहे, कारण स्टुडिओतून आणि स्टेजवरून हे काम कीबोर्डच्या डाव्या हाताकडे गेलं. ते तू परत घेते आहेस याचा मला अभिमान आहे.

नेण्या-आणण्याचं थोडक्यात. लोकलचा लगेज डबा दुपारी ठीक, गर्दीच्या वेळी त्याचा विचारही करू नकोस. सात सीटची टॅक्सी सांगून मागच्या सीट पाडून घे, बेस कुशीवर ठेव, ब्रिजवर कशाचाही भार नको. एंडपिनच्या, म्हणजे बेस जिच्यावर उभा राहतो त्या खालच्या दांडीच्या, जागी लावायचं चाक घेशील तर हवा भरायच्या टायरचं घे. पेव्हर ब्लॉकवरून कडक चाक खडखडत नेलं तर सांधे सैल होतात. दारातून जाताना ब्रिजची बाजू अंगाकडे. संगमरवरी स्टेजवर एंडपिन सरकतो, म्हणून गालिच्याचा एक तुकडा बॅगेत ठेव. मध्यंतरात बेस कुशीवर, ब्रिज भिंतीकडे करून आडवा ठेव, खुर्चीला टेकवून उभा करायचा नाही. आणि उन्हात उभ्या गाडीत बेस कधी सोडू नकोस, सरस मऊ होतो.

मानधन ठरवताना गाडीचं भाडं वेगळं सांग. वाद्यच एवढं आहे की ते मागण्यात संकोच कसला. पोचायची वेळ, साउंडचेकची वेळ, अँप कोण आणणार आणि जेवण, हे सगळं मेसेजवर लेखी घे. ३१ डिसेंबरच्या कामाला ॲडव्हान्स आल्याशिवाय तारीख अडवू नकोस. टीडीएस कापला तर तो तुझ्या पॅनवर चढला का, ते बघत जा. लॉनच्या कामात एक लक्षात ठेव. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडून. मग मंडळी बंद हॉलमध्ये सरकतात आणि "अजून थोडं वाजवा" म्हणतात. हा जादा वेळ आहे, त्याचे पैसे आधीच बोलून ठेव.

पार्ल्याची गाण्यांची यादी आणि पट्ट्या आल्या की मला पाठव, डग्ग्याच्या जागा आपण दोघं बसून ठरवू. सेटअपला बेस न्यायचा दिवस या आठवड्यातच नक्की कर. मी डोंबिवलीहून गाडी घेऊन येतो.

तुझे,
बाबा