काजळीबद्दल लिही

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर, चित्रांसोबत लिहून द्यायच्या स्टेटमेंटबद्दल, म्हणजे चित्रकाराच्या निवेदनाबद्दल, तू तावातावाने म्हणालास, "जे सांगायचं ते चित्रात आहे, मग वर स्टेटमेंट कशाला?" तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि बोलणं अर्धवट राहिलं. पण प्रश्न मनातून जाईना, म्हणून लिहिते आहे.

तू चित्रकार गायतोंड्यांचं उदाहरण दिलंस. तुझ्याच जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली पदविका घेतलेला हा माणूस आपल्या चित्रांबद्दल फार कमी बोलला, बहुतेक चित्रांना नावही दिलं नाही. त्या चित्रांपुढे उभं राहिलं की शब्दांवाचून काही अडत नाही, हे मला मान्य आहे. पण जे.जे.मध्येच शिकलेले चित्रकार प्रभाकर बरवेही आठव. ते आयुष्यभर वह्यांमध्ये टिपणं करत राहिले आणि १९९० साली त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीत आलं. लिहिल्यामुळे त्यांच्या चित्रातलं गूढ तसूभरही कमी झालं नाही. म्हणून लिहिण्याने चित्र उणं होतं, हे मला पटत नाही. गायतोंड्यांचं मौन त्यांचं होतं. विशीतल्या मुलाने ते उसनं घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आता तू पाठवलेल्या मसुद्याबद्दल. "ही चित्रमालिका स्त्रीच्या अदृश्य श्रमांचा आणि स्मृतीच्या अवकाशाचा शोध घेते." ओंकार, हे वाक्य कुणाच्याही चित्राखाली चालेल. तुझ्या त्या पाच कागदांवर जो काळा आहे तो दुकानातला नाही. आजीच्या चुलीवरच्या भांड्यांची बुडं खरवडून तू ती काजळी जमवलीस, वस्त्रगाळ केलीस, डिंकाच्या पाण्यात घोटलीस. जुन्या पोथ्यांची शाईसुद्धा काजळी आणि डिंकाचीच असे. डिंक कमी पडला तिथे काळा बोटाला लागतो, आणि तू तो तसाच ठेवलास. का ठेवलास? हे बघणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कधीच कळणार नाही, आणि कळलं तर तो परत वळून चित्राजवळ जाईल. स्टेटमेंटने एवढंच करावं. श्रम, स्मृती हे त्याचं त्याला सुचू दे. तू आधीच सांगून टाकलंस तर त्याला बघायला काय उरलं?

व्हॅन गॉगने १८८८ साली रात्रीच्या कॅफेचं चित्र केलं, तेव्हा भावाला पत्रात काय लिहिलं बघ. खोली रक्तासारखी लाल आणि मळकट पिवळी, मध्ये हिरवं बिलियर्ड टेबल, चार लिंबूपिवळे दिवे. लाल आणि हिरव्यातून माणसाचे भयंकर विकार दाखवायचा प्रयत्न केला, असंही त्याने लिहिलं. पण त्या मोठ्या शब्दाला आधार आहे तो त्या टेबलाचा आणि दिव्यांचा.

एका बाबतीत मात्र मी पूर्ण तुझ्या बाजूने आहे. स्टेटमेंटला गुण असू नयेत. इतकी वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवते आहे. ज्याचा हात चांगला त्याची भाषा चांगली असतेच असं नाही, त्यातून इंग्रजी तर नाहीच. गावाकडून आलेलं पोर इंग्रजी परिच्छेदापायी मागे पडत असेल तर तो चित्रकलेचा निकाल नव्हे. हे तुम्ही मुलांनी मिळून सरांशी बोला. नीट, आदराने, पण बोला.

तुझं तू आधी मराठीत लिही, आजीला सांगितलं असतंस तसं. आठ-दहा ओळी पुरेत. कागद कुठला, काजळी किती दिवसांची, काय फसलं, काय मुद्दाम ठेवलं. रविवारपर्यंत मला पाठव. इंग्रजी ताई करून देईल, तिच्याशी बोलले आहे. आणि आजीचं नाव त्यात घाल. काजळी तिची आहे.

तुझी,
आई